जुन्या यंत्राचा प्रश्न
(प्रस्तावना)

टेबलावर १९८३ सालच्या बनावटीचा अटारी ८०० एक्सएल आहे. त्याच्या पाठीमागच्या १३ पिनांच्या सॉकेटमधून एक केबल निघते आणि शेजारच्या लॅपटॉपच्या यूएसबीत शिरते. फ्लॉपी ड्राइव्ह कुठेच नाही. 'ऑप्शन' ही कळ दाबून धरून अटारी चालू केला, की तो आधी हजेरी घेतो : पहिल्या क्रमांकाचा ड्राइव्ह जागेवर आहे ना? होकार आला की तो पाच बाइट पाठवतो : ३१, ५२, ०१, ००, ८४. लॅपटॉपवरचा प्रोग्राम ते वाचतो, उत्तरादाखल 'ए' हे एकच अक्षर पाठवतो, क्षणभराने 'सी' पाठवतो आणि त्यामागोमाग १२८ बाइट. टीव्हीच्या स्पीकरमधून एका लयीत टुकटुक ऐकू येऊ लागते आणि थोड्याच वेळात पडद्यावर डॉसचा मेनू उभा राहतो. अटारीच्या लेखी काहीच बदललेले नाही. त्याने ड्राइव्हला विचारले, ड्राइव्हने सांगितले.

हे पुस्तक त्या पाच बाइटांविषयी आहे, आणि त्यांच्यासारख्या इतर यंत्रांच्या प्रश्नांविषयी. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या घरगुती संगणकांना आजची यंत्रे जोडून त्यांच्याकडून डिस्क ड्राइव्हचे काम करून घेणे, हा त्याचा विषय. हा विषय इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात क्वचित सापडतो आणि ग्रंथालयशास्त्रात ओझरता येतो. तो हौशी मंडळींनी वाढवला, तपासला आणि मोकळेपणाने वाटला. म्हणूनच त्याच्या दारात उभे राहिलेल्या नव्या वाचकाला आत बोलावणे मला माझे कर्तव्य वाटते.

आधी शब्दाचे बघू. 'एम्युलेशन'साठी 'अनुकरण' हा शब्द सहज सुचतो, पण तो पुरत नाही. अनुकरणात बघून तसेच करणे येते. आपण जे आहोत असे भासवतो त्याला कुणी प्रश्न विचारला तर काय, हे त्यात येत नाही. मराठीत याहून नेमके क्रियापद आहे : वठवणे. नट भूमिका वठवतो. बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा खाकी कपड्यांवर त्याचे भागत नाही. घरातल्या माणसाने उलट काही विचारले तर पोलिसाच्याच भाषेत, त्याच ठसक्यात उत्तर यावे लागते. या पुस्तकात मी 'ड्राइव्ह वठवणे' असेच म्हटले आहे, आणि जे यंत्र हे काम करते त्याला 'वठवणारे यंत्र'. बाकी सेक्टर, ट्रॅक, बाइट, केबल हे शब्द आपल्या तोंडी बसलेले आहेत. ते तसेच ठेवले.

आणखी एक भेद सुरुवातीलाच स्पष्ट असावा. अख्खा जुना संगणकच आजच्या संगणकावर वठवता येतो, तो वेगळा प्रांत. तिथे मूळ यंत्र उपस्थित नसते. इथे मूळ यंत्र जिवंत आहे, त्याच्या कळा आपल्या बोटांखाली आहेत. त्याचा फक्त एक साथीदार आपण बदललेला आहे. त्यामुळे इथे शब्द शेवटी त्या जुन्या यंत्राचा चालतो. आपली समजूत चुकली असेल तर ते ऐकत नाही.

साथीदार बदलावा का लागतो, याचे कारण साधे आहे. संगणकात हलणारे भाग जवळजवळ नसतात; ड्राइव्ह म्हणजे सगळे हलणारे भाग. मोटर, पट्टा, डोके पुढेमागे नेणारी यंत्रणा, तिच्यावरचे कालांतराने घट्ट होणारे ग्रीस. फ्लॉपीची अवस्था तर याहून नाजूक. प्लास्टिकच्या पातळ चकतीवर चुंबकीय कणांचा थर, आणि तो धरून ठेवणारे द्रव्य वयाप्रमाणे निकामी होत जाणारे. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने दमट कपाटात राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे पांढुरके ठिपके धरतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर थर खरवडला जातो आणि डोकेही खराब होते. संगणक धडधाकट आणि ड्राइव्ह अंथरुणाला खिळलेला, ही या क्षेत्रातली नेहमीची स्थिती.

मग ड्राइव्ह वठवता येतो तो कशाच्या बळावर? संगणक आणि ड्राइव्ह यांच्यात तारांवरून जो व्यवहार चालतो, त्याचे नियम ठरलेले असतात. कोणी आधी बोलायचे, किती वेगाने, उत्तराला किती वेळ थांबायचे, चूक कशी ओळखायची. हा एक करार आहे. ज्याने करार पाळला तो ड्राइव्ह, मग त्याच्या पोटात मोटर असो वा नसो. या पुस्तकाचे प्रतिपादन इतकेच : कराराची रेघ जिथे ओढलेली असते, तिथपर्यंतच नक्कल खोल न्यावी लागते, आणि जुन्या प्रोग्रामांनी ती रेघ जिथे ओलांडली, तिथे आपल्यालाही त्यांच्या मागोमाग पलीकडे जावे लागते. पुढची दोन उदाहरणे या दोन टोकांची आहेत.

पहिले अटारीचे. अटारी ४०० आणि ८०० हे संगणक १९७९ साली बाजारात आले. टीव्हीला जोडायच्या यंत्रातून रेडिओलहरींचा किती उपद्रव व्हावा, यावर अमेरिकेत त्या काळी कडक मर्यादा होत्या. अटारीने संगणकाचे अंतरंग जाड अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात बंद केले आणि बाहेरची उपकरणे एकाच सिरीयल केबलने, साखळीसारखी एकामागून एक जोडण्याची सोय केली. ही 'एसआयओ' पद्धत. तिच्या रचनेत जो डेक्यूर या अभियंत्याचा मोठा वाटा होता. पुढे यूएसबीच्या घडणीतही त्यांचा सहभाग होता. एका तारेवर अनेक उपकरणे आणि प्रत्येकाची स्वतःची ओळख, ही कल्पना आज आपल्याला इतकी सवयीची आहे की तिचे मोल चटकन ध्यानात येत नाही.

आता सुरुवातीचे पाच बाइट पुन्हा पाहू. ते सोळाच्या पायावरच्या संख्यांत लिहिलेले आहेत. ३१ म्हणजे पहिला डिस्क ड्राइव्ह. ५२ म्हणजे 'वाच'. ०१ आणि ०० मिळून सेक्टरचा क्रमांक, आधी खालचा बाइट, मग वरचा; म्हणजे पहिला सेक्टर. शेवटचा ८४ हा पडताळा : ३१ अधिक ५२ अधिक ०१ अधिक ००. या पाच बाइटांच्या वेळी 'कमांड' नावाची तार खाली ओढलेली असते, म्हणजे साखळीतल्या सगळ्या उपकरणांनी कान द्यायचा. ज्याचे नाव पुकारले त्यानेच उत्तर द्यायचे. 'ए' म्हणजे आज्ञा समजली, 'सी' म्हणजे काम झाले, मग सेक्टरचे १२८ बाइट आणि त्यांचा पडताळा. आज्ञा समजली नाही तर 'एन', काम फसले तर 'ई'. वेग सेकंदाला १९,२०० बिट. एका बाइटमागे आठ बिट माहितीचे आणि आगेमागे एकेक, असे दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला १,९२० बाइट. अटारी ८१० ड्राइव्हच्या फ्लॉपीवर असे ७२० सेक्टर मावत, एकूण ९२,१६० बाइट. आज फोनवर काढलेला एक फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो.

हा करार इतका स्वच्छ आहे की तो पाळायला १३ पैकी चार पिना पुरतात : तिसरी, चौथी, पाचवी आणि सातवी. निक केनेडी यांनी याच जोरावर 'एसआयओ-टू-पीसी' ही केबल आणि तिचा प्रोग्राम तयार केला. पीसीचे सिरीयल पोर्ट उणे आणि अधिक अशा मोठ्या व्होल्टेजवर बोलते, अटारी शून्य ते पाच व्होल्टवर. मधला दुभाषा म्हणून एक छोटी चिप. फ्लॉपीची अख्खी प्रत ठेवायला त्यांनी 'एटीआर' ही फाइल ठरवली. तिच्या आरंभी सोळा बाइटांचा मथळा असतो आणि त्यातले पहिले दोन बाइट सोळाच्या पायावर नेहमी ९६ आणि ०२. खालचा बाइट आधी धरून यांचे मूल्य दशमान पद्धतीत ६६२. 'निक' आणि 'अटारी' ही दोन नावे इंग्रजीत कॅपिटल अक्षरांत सलग लिहून त्या नऊ अक्षरांचे आस्की क्रमांक मिळवले, तर बेरीज बरोबर ६६२ येते. आज जगभरातल्या एटीआर फायली ही सही कपाळावर घेऊन फिरतात. देवळाच्या पायरीवर कारागिराने आपले चिन्ह कोरून ठेवावे, तशीच ही.

मी पहिली केबल स्वतः जोडली तेव्हा एक संपूर्ण संध्याकाळ अटारी गप्प राहिला. सोल्डरिंग नीट होते, प्रोग्राम नीट होता. चूक होती ती नावात. 'डेटा इन' आणि 'डेटा आउट' ही पिनांची नावे संगणकाच्या बाजूने ठेवलेली आहेत. मी ती ड्राइव्हच्या बाजूने वाचली होती. दोन तारांची अदलाबदल केली आणि टुकटुक सुरू झाले. या एका चुकीने मला जे शिकवले ते या पुस्तकाच्या प्रत्येक आकृतीत उतरले आहे : कोणत्याही तारेचे नाव वाचताना ते कोणाच्या बाजूने ठेवले आहे, हे आधी विचारावे.

दुसरे उदाहरण कमोडोर ६४ चे. १९८२ सालचा हा संगणक आणि त्याचा १५४१ हा ड्राइव्ह. हा ड्राइव्ह म्हणजे स्वतःच एक संगणक होता : ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम, १६ किलोबाइट रॉम. फ्लॉपीवर ३५ ट्रॅक, आणि बाहेरचे ट्रॅक लांब म्हणून त्यांत सेक्टर जास्त : २१, १९, १८, १७ असे चार पट्टे. एकूण ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट. अठरावा ट्रॅक यादीसाठी राखीव, त्याचे १९ सेक्टर वजा केले की ६६४ उरतात. कोऱ्या डिस्कची यादी मागितली की कमोडोर '६६४ ब्लॉक मोकळे' असे सांगतो, तो हाच आकडा.

इतका हुशार ड्राइव्ह, पण वेग सेकंदाला जेमतेम ४०० बाइटांच्या आसपास. याचे मूळ आधीच्या व्हिक-२० या संगणकात आहे. तिथे बिट सरकवण्याचे काम ६५२२ या चिपमधले शिफ्ट रजिस्टर करणार होते. त्यात दोष निघाला आणि ते काम प्रोग्रामच्या गळ्यात पडले. कमोडोर ६४ ने तीच पद्धत पुढे चालवली. वर तिथे चित्र काढणारी चिप अधूनमधून प्रोसेसरला थांबवून ठेवते, म्हणून प्रत्येक बिट आणखी सावकाश पाठवावा लागला.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यावर तोड काढली. ड्राइव्ह हा संगणकच आहे, तर त्याच्या त्या दोन किलोबाइट रॅममध्ये आपला स्वतःचा प्रोग्राम पाठवावा, तो तिथे चालवावा आणि दोन्ही बाजूंनी नवा, जलद करार करावा. हे 'फास्ट लोडर' घरोघरी गेले. एकदा दोन्ही प्रोसेसर जुळवून घेतले की पुढचे बिट घड्याळाच्या ठोक्यावर जात. मध्ये कुणी 'मिळाले का?' असे विचारत नसे. ठोका चुकला की सगळे चुकले.

वठवणाऱ्यासमोरचा पेच इथे उभा राहतो. 'एसडी-टू-आयईसी' हे छोटेसे उपकरण छापील करार चोख पाळते, एसडी कार्डावरच्या फायली ड्राइव्हसारख्या दाखवते आणि काही प्रसिद्ध फास्ट लोडर ओळखून त्यांनाही साथ देते. पण एखादा प्रोग्राम ड्राइव्हच्या रॅममध्ये अनोळखी सूचना पाठवतो तेव्हा त्या चालवायला त्याच्याकडे ६५०२ नसतो. 'पाय-१५४१' मध्ये रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक मूळ ड्राइव्हचा प्रोसेसर आणि त्याच्या चिपा ठोक्यागणिक वठवतो. '१५४१ अल्टिमेट' हेच काम एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपमध्ये, करते. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. १५४१ ने मला शिकवले की वेळेचेही आणता येत नाही. ठोका खरोखरच पाळावा लागतो.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीची मंडळी आहेत. टँडीच्या कलर कॉम्प्युटरला साधे सिरीयल पोर्ट होते. 'ड्राइव्हवायर' पद्धतीने त्याच पोर्टातून पलीकडचा संगणक त्याला डिस्क पुरवतो. अ‍ॅपल टू साठी 'एडीटीप्रो' हा प्रोग्राम सिरीयल केबलीवरून डिस्कच्या प्रती इकडून तिकडे नेतो. अ‍ॅपलजवळ एकही चालती डिस्क नसेल तर कॅसेटच्या सॉकेटमधून आवाजाच्या रूपाने पहिला प्रोग्राम आत सोडण्याचीही सोय त्यात आहे. ज्या संगणकांत ३४ पिनांची सर्वमान्य फ्लॉपी केबल आहे, त्यांना 'गोटेक' लावतात. तो मुळात भरतकामाची यंत्रे, कारखान्यांतली नियंत्रणयंत्रे अशांसाठी बनला. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालावा, एवढाच त्याचा हेतू. हौशी लोकांनी त्यासाठी 'फ्लॅशफ्लॉपी' हे नवे फर्मवेअर लिहिले आणि तो जुन्या घरगुती संगणकांचा आधार झाला. आणि अटारीकडे परत यायचे तर 'फुजीनेट' : त्याच १३ पिनांच्या सॉकेटात बसणारा, ईएसपी-३२ चिपवर चालणारा डबा. तो डिस्क वठवतो, प्रिंटर वठवतो आणि वायफायवरून दूरच्या सर्व्हरवरची डिस्क अटारीसमोर ठेवतो. १९७९ सालच्या करारात नव्या उपकरणासाठी जागा मोकळी ठेवलेली होती, म्हणून हे शक्य झाले.

आतापर्यंत जुन्या यंत्राला माहिती देण्याविषयी बोललो. या क्षेत्राचे दुसरे अंग, आणि माझ्या मते अधिक निकडीचे, म्हणजे जुन्या फ्लॉपीवरची माहिती बाहेर काढणे. तशीच जोडणी उलट्या कामालाही येते : '१०५०-टू-पीसी' हिने खरा अटारी ड्राइव्ह पीसीला जोडता येतो, 'झूमफ्लॉपी'ने १५४१. ज्या फ्लॉपी नेहमीच्या मार्गाने वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी 'क्रायोफ्लक्स' आणि 'ग्रीसवीझल' यांसारखी उपकरणे सेक्टरांचा विचार बाजूला ठेवून चुंबकीय बदलांच्या वेळाच नोंदवून घेतात. अर्थ नंतर लावायचा, आधी नोंद वाचवायची.

हे काम किती मोलाचे, याची दोन उदाहरणे जगजाहीर आहेत. जॉर्डन मेक्नर यांनी अ‍ॅपल टू वर लिहिलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाचा मूळ प्रोग्राम हरवला असे समजत होते. २०१२ साली घरातल्या एका खोक्यात त्याच्या ३.५ इंची डिस्क सापडल्या आणि जाणकारांनी त्या वाचून काढल्या. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ साली अमिगा १००० वर काढलेली चित्रे त्यांच्या संग्रहालयातल्या फ्लॉपींवर होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक मंडळाने ती बाहेर काढली आणि २०१४ साली ती जगासमोर आली. दोन्ही ठिकाणी डिस्क वाचण्याइतपत शाबूत होत्या आणि त्या वाचू शकणारी माणसे हाताशी होती.

आपल्या घरांचेही यात काही अडकलेले आहे. १९८४-८५ मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डीबी स्पेक्ट्रम' हा, स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती संगणकाचा परवान्याने बनवलेला अवतार, भारतात विकला गेला. त्यातले काही अजून माळ्यावर, शाळेच्या भांडारात पडून असतील. बीबीसी मायक्रोवर डिस्कची जोडणी बसवलेली असेल तर त्याला गोटेक थेट लागतो. पुढच्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींत जुळवला जाऊ लागला आणि छापखान्याला फ्लॉपीवर जाऊ लागला. ते संगणक या पुस्तकाच्या व्याख्येत बसत नाहीत, पण फ्लॉपी तीच, बुरशी तीच. कुणाच्या आजोबांची आत्मकथा, एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचे अंक अशा खोक्यांत असू शकतात. त्या फ्लॉपी वाचून त्यांतला मजकूर युनिकोडात आणायला या पुस्तकातली पहिली चार प्रकरणे उपयोगी पडतील.

म्हणून तीन गोष्टी आग्रहाने सांगतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी उजेडात धरून बुरशी आहे का पाहा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. आणि लेबलाचा फोटो काढून ठेवा; प्रत केलेल्या फाइलीत बाइट येतात, पण 'बाबांचे हिशेब, मार्च' हे निळ्या शाईतले अक्षर येत नाही.

वाचकाकडून मला फारसे पूर्वज्ञान अपेक्षित नाही. सोळाच्या पायावरची बेरीज पहिल्या प्रकरणात शिकवली आहे, सोल्डरिंग दुसऱ्यात. व्होल्टेजविषयी मात्र सक्तीने वागा : अटारी ४०० आणि ८०० च्या बाराव्या पिनेवर १२ व्होल्ट असतात, आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. केबल जोडण्याआधी मीटर लावून पाहण्यात दोन मिनिटे जातात. या यंत्रांचे बरेचसे मूळ सुटे भाग आता नव्याने बनत नाहीत, म्हणून ती दोन मिनिटे काढाच.

वाचनाचा क्रम तुमच्या टेबलावर कोणते यंत्र आहे त्यावर ठरवा. कोणतेच नसेल तर अटारीचे प्रकरण आधी घ्या, आणि वही घेऊन बसा. यंत्राने ३१, ५२, ०२, ०० असे पाठवले तर त्याला काय हवे आहे आणि पाचवा बाइट कोणता येईल, हे स्वतः लिहून काढा. मग तुम्ही काय उत्तर द्याल, कोणत्या क्रमाने, तेही लिहा. ८५ आला, आणि त्याखाली तुमच्या हाताने 'ए', मग 'सी', मग १२८ बाइट, मग पडताळा असे उतरले, की त्या चार ओळींपुरता तो ड्राइव्ह तुम्ही वठवलेला असेल. तिथून पुढे या शास्त्रात आपण बरोबरीने चालू.